मस्टरवरून नाव उतरण्याआधी

शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे महाराष्ट्रात घरोघरी सापडतात. आईबापांना नेमकी तारीख आठवत नसे. मास्तर शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने मुलाला बसवून घेत आणि ती तारीख जन्मभर चिकटे. या गमतीचा उत्तरार्ध आमच्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांत मे महिन्याच्या अखेरीस पाहायला मिळतो. ३१ मे रोजी एकेका खात्यातून दोन-दोन, तीन-तीन माणसे एकदम निवृत्त होतात. कँटीनमध्ये सेवापूर्ती समारंभ होतो. शाल, श्रीफळ, घड्याळ, खात्यातल्या सगळ्यांबरोबर एक फोटो आणि साहेबांचे 'आता आराम करा' हे वाक्य. ज्या तारखेने शाळेत बसवले, त्याच तारखेने कारखान्यातून उठवले. फरक एवढाच, की शाळेत पुढचे शिकवायला मास्तर होते.

हा लेख त्या न भरलेल्या वर्गाविषयी आहे. मी चऱ्होली बुद्रुकला राहतो. नोकरीची वर्षे एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी, रजा, पगार आणि फंडाच्या कागदांत गेली. आता कुणी बोलावले तर कारखान्यात किंवा कामगार वसाहतीत जाऊन निवृत्तीपूर्व तयारीचे वर्ग घेतो. हे वर्ग बहुधा शेवटच्या सहा महिन्यांतल्या माणसांसाठी ठेवलेले असतात. तिथे बसून माझे एक मत पक्के झाले आहे. या वर्गात जे शिकवायचे असते, त्यातले बहुतेक नाव मस्टरवर असेपर्यंतच, आणि तेही हाताशी काही वर्षे असतील तरच, उपयोगी पडते. ते का, हे जरा तपशिलात सांगतो.

जमीन होती तेव्हा

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काळात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा कारखान्यांनी भरत गेला. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. इंद्रायणीकाठचे चऱ्होली बुद्रुक मात्र १९९७ पर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होते. पलीकडचे चऱ्होली खुर्द तर आजही खेड तालुक्यातच आहे. इथला माणूस सायकलवरून भोसरीला पाळीवर जाई आणि परत आल्यावर शेतात उतरे. पहिली पाळी असली तर दुपारनंतरचे पाणी त्याचे, दुसरी असली तर सकाळची धार त्याची. निवृत्तीने त्याच्या दोन कामांपैकी एक संपे. दुसरे वाट पाहत उभेच असे. त्याला कुणी निवृत्तीचे नियोजन शिकवले नाही, कारण त्याचे नियोजन सातबाऱ्यावर लिहिलेले होते.

१९९७ मध्ये गाव महानगरपालिकेत आले. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर इमारती आल्या. पंतप्रधान आवास योजनेची मोठी वसाहतही इथे उभी राहिली. त्याच सुमारास पलीकडे चाकणची औद्योगिक वसाहत वाढू लागली आणि २००९-१० पर्यंत देशी-परदेशी गाड्यांचे कारखाने तिथे सुरू झाले. आज चऱ्होली, मोशी, दिघी या भागांत राहणारा कामगार लातूर, बीड, परभणी किंवा बुलढाण्याहून आलेला असण्याचा संभव मोठा. त्याच्या गावी जमीन असली तरी ती भावाभावांत वाटलेली आणि पावसावर अवलंबून. स्थानिकांची जमीन विकली गेली, बाहेरून आलेल्याची पुरेना. म्हातारपणाचा जो भार जमीन उचलत होती, तो आता तीन-चार कागदांवर येऊन पडला आहे: फंड, पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि आजारपणाचा विमा. हे कागद वाचायचे कसे, ते मात्र त्याला कुणी शिकवलेले नाही.

फंड वेगळा, पेन्शन वेगळी

वर्गात मी पहिला प्रश्न विचारतो: 'तुमची पेन्शन किती बसेल?' बहुतेक जण फंडाची रक्कम सांगतात. इथूनच शिकवायला सुरुवात करावी लागते.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. कामगाराच्या मूळ पगार व महागाई भत्त्यातून १२ टक्के कापले जातात, मालकही तेवढेच भरतो. पण १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली आणि मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के त्या योजनेकडे वळू लागले. हे ८.३३ टक्के संपूर्ण पगारावर नसतात. पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच असतात. ती मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. म्हणजे पगार चाळीस हजार असला तरी पेन्शनकडे महिन्याला जातात ते साधारण १,२५० रुपये. पेन्शनचे सूत्र असे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०.

एक उदाहरण फळ्यावर मांडतो. समजा, एक जण १९९५ च्या अखेरीस कामाला लागला आणि ३० वर्षांनी, ५८ पुरी होताना पेन्शनला आला. २०१४ पर्यंतची साधारण १९ वर्षे ६,५०० च्या मर्यादेने मोजली जातात: १,७६४ रुपये. पुढची ११ वर्षे १५,००० ने: २,३५७ रुपये. बेरीज ४,१२१. सेवा २० वर्षांहून अधिक असल्याने दोन वर्षे वाढवून मिळतात, त्याचे काहीशे रुपये. महिन्याला साडेचार हजारांच्या आतबाहेर. ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. त्याच्या पश्चात पत्नीला निम्मी.

हा आकडा फळ्यावर उमटला की वर्ग गप्प होतो. ज्याची पेन्शन पुढच्या महिन्यात सुरू व्हायची आहे, त्याच्या हातात आता करण्यासारखे फारसे उरलेले नसते. हाच आकडा त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी दिसला असता, तर तेरा वर्षांचा पगार हाताशी होता. स्वेच्छेने फंडात जादा भरता आले असते, घराचे कर्ज आधी फेडता आले असते, मुलाच्या दुकानासाठी फंडातून उचल घेताना दोनदा विचार केला असता.

ग्रॅच्युइटीचे गणित त्यामानाने दिलासा देणारे. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो आणि महिना २६ दिवसांचा धरतात. शेवटचा मूळ पगार व भत्ता ३०,००० आणि नोकरी ३० वर्षे, तर ५,१९,२३१ रुपये. पण या रकमेला निवृत्तीआधीच दावेदार असतात. कामगार पतपेढीचे कर्ज तिच्यावरच डोळा ठेवून घेतलेले असते, मुलीचे लग्न तिच्यावर ठरलेले असते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर घरखर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी २० हजारांत चालणाऱ्या घराला सत्तराव्या वर्षी ४० हजार लागतील, आणि पेन्शन तीच साडेचार हजार राहील. हे एक वाक्य नीट समजले, तरी एकरकमी पैशाकडे पाहण्याची माणसाची नजर बदलते.

तारखांचा खेळ

पैशाइतकेच महत्त्व तारखांना आणि नावांना आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर नुसते जन्मवर्ष सांगितल्यामुळे १ जानेवारी, फंडाच्या खात्यात तिसरीच तारीख. वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर. बाईचे माहेरचे नाव एकीकडे, सासरचे दुसरीकडे. नोकरीत असताना ही दुरुस्ती कंपनीच्या सही-शिक्क्याने होते. कंपनी सोडल्यावर, त्यातून ती बंद पडली किंवा विकली गेली तर, त्याच सहीसाठी वणवण करावी लागते.

वारसाच्या नोंदीचेही तसेच. लग्नाआधी केलेले नामांकन लग्नानंतर बाद ठरते आणि नव्याने करावे लागते. विशीत कामाला लागताना भरलेला अर्ज नंतर पुन्हा कुणी काढून पाहत नाही, आणि ही गोष्ट ध्यानात येते ती त्याची बायको विधवा होऊन कचेरीत उभी राहते तेव्हा.

काही कंपन्यांत निवृत्ती ५८ ला, काहींत करारानुसार ६० ला असते. जिथे ती ६० ला आहे, तिथल्या अनेकांना ठाऊक नसते की पेन्शन योजनेचे सभासदत्व ५८ लाच संपते आणि नोकरी चालू असतानाही पेन्शन घेता येते. किंवा ६० पर्यंत थांबले तर दर वर्षामागे ४ टक्क्यांनी वाढवून मिळते. उलट पन्नाशीनंतर नोकरी सुटली आणि ५८ च्या आत पेन्शन सुरू केली, तर दर वर्षामागे ४ टक्के कमी होते, ते कायमचे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एरवी वयाची साठ वर्षे पुरी लागतात. पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त झालेल्याला मात्र निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत गुंतवले तर ती खुली असते. तीन महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यात गेले, की वयाची साठी गाठेपर्यंत ते दार बंद.

आजारपणाचे तर वेगळेच. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपतो. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण २०२४ पासून सगळ्यांना आहे. मधली दहा-बारा वर्षे उघडीच राहतात. पण जो कामगार निवृत्त होताना राज्य विमा योजनेत होता आणि ज्याची किमान पाच वर्षे तिथे भरलेली आहेत, त्याला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. चिंचवडला मोहननगरात विमा योजनेचे रुग्णालय आहे. हे १२० रुपये भरायचे असतात, एवढे कळण्यासाठी वर्ग हवा.

शिकवायचे कुणी, कुठे

कारखान्यात कामगारांना शिकवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नागपूरला. आता ते दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते. या मंडळाने एक चांगली साखळी बसवली होती. मंडळाचे शिक्षणाधिकारी कारखान्यांतून निवडलेल्या कामगारांना शिकवत. ते 'कामगार शिक्षक' होऊन आपापल्या कारखान्यात परत जात आणि तिथे सोबत्यांचे वर्ग घेत. कामगार आणि त्यांच्या पत्नी यांना एकत्र बसवून जीवनमानाविषयीचे दोन दिवसांचे वर्गही मंडळाने घेतले. निवृत्तीच्या तयारीला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी यात आहेत: शिकवणारा आपल्यातला आणि ऐकायला घरचे माणूस बरोबर.

जगाने या विषयाची दखल १९८० मध्ये घेतली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वयस्क कामगारांविषयी १६२ क्रमांकाची शिफारस केली, तीत निवृत्तीच्या तयारीचा स्वतंत्र भाग आहे. कामाच्या अखेरच्या वर्षांत मालक आणि कामगार या दोघांच्या संघटनांच्या सहभागाने असे कार्यक्रम व्हावेत आणि त्यांत उत्पन्न व पेन्शन, अर्धवेळ काम किंवा स्वतःचा व्यवसाय, वाढत्या वयातले शरीर, मोकळा वेळ आणि प्रौढ शिक्षणाच्या सोयी या सगळ्यांची माहिती असावी, असे ती सांगते. तिथे 'वर्षे' हा शब्द आहे. आमच्याकडे त्याचे महिने झाले.

भविष्यनिर्वाह निधी संघटनाही अलीकडे लोकांकडे येऊ लागली आहे. २०२३ पासून दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' शिबिरे होतात. निवृत्तीच्या दिवशीच पेन्शनचा आदेश हातात देण्याचा 'प्रयास' उपक्रमही आहे. आकुर्डीला संघटनेचे कार्यालय आहे. पण तिथे माणूस अडचण घेऊन जातो. अडचण होण्याआधी त्याला गाठता येईल अशी जागा एकच, त्याचा कारखाना. पगार तिथे, कागद तिथे, आणि पाळी सुटताना सगळे एका जागी भेटतात तेही तिथेच.

माझ्या अनुभवाने तीन वर्ग पुरतात. पहिला पंचेचाळिशीच्या आसपास: पेन्शनचा आकडा, कर्ज आणि घर. दुसरा पंचावन्नला: नावे, तारखा, वारस, विमा. हा पत्नीसह किंवा पतीसह. तिसरा शेवटच्या वर्षी: अर्ज, रक्कम ठेवायच्या जागा आणि दिवसाचे काय करायचे हा प्रश्न. दुसऱ्या वर्गाला बायका आल्या की चर्चेचे रूप पालटते. घर महिन्याला कितीत चालते हे त्यांनाच माहीत असते, आणि नवऱ्याने आजवर न सांगितलेले पतपेढीचे कर्ज त्याच दिवशी उघड होते. एका वर्गात एक बाई म्हणाल्या, 'यांची पाळी सुटेल, माझी कधी सुटणार?' निवृत्त माणूस चोवीस तास घरात येतो तेव्हा बाईचे काम वाढते, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या एका प्रश्नाने वर्गाला नीट समजले.

तिसऱ्या पाळीने तीस वर्षे विस्कटलेली झोप निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी जागेवर येत नाही. आमच्या गावात निवृत्तांची दोन टोळकी आहेत. एक पहाटे काकडआरतीला वाघेश्वराकडे जाते, आळंदीची वाट चालते, सप्ताहाचे नियोजन करते. दुसरे दिवसभर मोबाइलवर असते. पहिल्या टोळक्यातल्या बहुतेकांनी भजनात बसणे नोकरीतच सुरू केले होते. छंदालाही मस्टरवर असतानाच हजेरी लावावी लागते.

ज्यांना वर्गच नाही

आतापर्यंतचे सगळे कायम कामगाराविषयी झाले. त्याच्यामागे निदान युनियन असते, करार असतो, टाइम ऑफिसात ओळखीचा माणूस असतो. चाकणच्या रस्त्यावर सकाळी बसची वाट पाहत उभ्या असलेल्या पोरांपैकी अनेकांकडे यातले काहीच नाही. कुणी ठेकेदाराकडे, कुणी ठरावीक मुदतीवर, कुणी शिकाऊ. ती पंचविशीची आहेत, म्हणून निवृत्तीचा विषय त्यांच्यासमोर काढणे हास्यास्पद वाटते. माझ्या मते त्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे.

पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. ठेकेदार बदलला की पोरगा जुन्या खात्यातला फंड काढतो. त्याबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेतो. खोलीचे भाडे, बहिणीचे लग्न, गावच्या बोअरचे कर्ज, कारणे खरीच असतात. पण पेन्शनचे पैसे काढले की ती वर्षे पुसली जातात. दर दोन वर्षांनी असे करणारा वीस वर्षे घाम गाळूनही पेन्शनच्या हिशेबात दोन वर्षांचाच राहतो. तेच पैसे न काढता जुने खाते नव्यात वर्ग केले, किंवा सेवेचे प्रमाणपत्र घेऊन ठेवले, तर वर्षे जोडली जातात. आजच्या मर्यादेने दहा वर्षांना महिना २,१४३ रुपये बसतात. बावीसपासून सत्तावन्नपर्यंतची पस्तीस वर्षे अखंड जोडली, तर वाढीव दोन वर्षे धरून ७,९२९. रक्कम मोठी नाही. पण शून्य आणि ७,९२९ यांच्यातला फरक केवळ एक अर्ज न भरण्याचा आहे.

आणखी एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच फंडाचा सभासद झाला आणि त्या वेळी ज्याचा मूळ पगार व भत्ता १५,००० च्या वर होता, तो पेन्शन योजनेत येतच नाही. त्याचे सगळे पैसे फंडात जमा होतात. ते बुडत नाहीत, पण म्हातारपणी दरमहा येणारे काही नसते. ती सोय त्याने स्वतः करायची असते. आपण योजनेत आहोत की नाही, हे त्याला पासबुकातल्या एका रकान्यावरून कळू शकते. तसेच शिकाऊ कायद्याखाली काढलेली वर्षे फंडात धरली जात नाहीत. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे ठेकेदार बदलला की व्यवहारात पुन्हा एकपासून मोजली जातात. मुदतीवरच्या कामगारासाठी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही पाच वर्षांची अट काढली आहे, हे त्याला माहीत असायला हवे.

म्हणून चौथा वर्ग पहिल्या दिवशीचा हवा. कामावर घेताना सुरक्षिततेचे शिक्षण देतात; हेल्मेट, बूट, यंत्राची लाल कळ. त्यातच अर्धा तास वाढवावा. यूएएन म्हणजे काय, तो नोकरी बदलली तरी एकच का ठेवायचा, पासबुक मोबाइलवर कसे पाहायचे, मागच्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली का, वारस कोण, आणि पेन्शनचे पैसे काढण्याआधी कुणाला विचारायचे. याला खर्च नाही. ठेकेदाराचा माणूस हे सांगणार नाही, त्याला त्यात गरज वाटत नाही. ते मूळ कंपनीने आणि जिथे युनियन आहे तिथे युनियनने अंगावर घ्यावे. कायम कामगारांतले निवृत्त झालेले, फंडाच्या कचेरीत खेटे घालून शहाणे झालेले लोक आमच्या पट्ट्यात गावोगाव आहेत. त्यांना कामगार शिक्षक करावे. चऱ्होलीत अशी दहा माणसे मी आज संध्याकाळी गोळा करू शकतो. त्यांना दिवसाचे काय करायचे हा प्रश्न पडलेलाच आहे.